शांताच्या गच्चीवरलं यंत्र

मंगळवार, पौष महिना, २००३. दिवेलागण.

आज लई आनंद झालाय, पण आधी जळफळाट लिवते. शेजारच्या शांताच्या गच्चीवर सरकारनं हवा तपासायचं यंत्र बसवलंय. ते घरघर करत हवा ओढतं, आणि आतला पांढरा कागद धुरानं काळा पडतो. आमची गच्ची तेवढीच उंच, तरी तिचीच दिसली! महिनाभर नळावर तिचं एकच, "आमच्याकडं साहेब येत्यात की!" साहेबांना पोहे काय, चहा काय. तिनं माझं काय घेतलं? काय न्हाय. तरी मेली आग पोटातली विझंना.

आज साहेबांनी कागद काढला, तर पांढराफेक! समोर रिक्षांचा अड्डा, दिवसभर भकाभका धूर, आणि कागद पांढरा? शांता लाजत म्हणाली, "गेल्या खेपेला लई काळा निघाला, मलाच कसंतरी झालं. म्हणून यंत्रावर जुनं लुगडं झाकलंतं." साहेबांनी कपाळाला हात लावला. मी भिंतीवरनं लगेच, "साहेब, आमची गच्ची मोकळी हाय की!"

उद्या यंत्र आमच्याकडं! तो कागद आता माझ्या दारात काळा हुणार.

साहेब म्हणाले, "आजी, एकच अट. बंब पेटवायचा नाही, नाहीतर तुमचाच धूर मोजला जाईल." मी म्हटलं, व्हय व्हय.

घरात ह्यांना सांगितलं, उद्यापासनं आंघूळ गार पाण्यानं.

"ह्या थंडीत? आणि कशापायी?"

शांतापायी, असं कसं सांगू? म्हटलं, "कोल्हापूरच्या हवेपायी."