मागच्या खोलीचा डक्ट

३ नोव्हेंबर
सासूबाई, म्हणजे ओपल, खुब्याच्या ऑपरेशननंतर थँक्सगिव्हिंगला येणार आणि थंडी सरेपर्यंत राहणार. मागच्या खोलीत हीटरची हवाच पोचत नाही. बायकोने, डार्लाने, बजावलंय, खोली तापली नाही तर आई माझ्याबरोबर आपल्या बेडरूममध्ये आणि तू मागे. हसलो. घराखालून गरम हवा नेणारा एक गळका डक्ट मला माझ्या पलंगावरून हलवणार?

५ नोव्हेंबर
मेव्हणा गेलन डक्टचीच कामं करतो. म्हणाला, सांधे पूस, ब्रशने लेप लाव, दिवसभर वाळू दे, मग वर काचलोकर गुंडाळ. लेप! डक्ट आहे की मुरगळलेला पाय? आमच्या घराण्यात सगळं रुपेरी टेपवर भागतं. बाबांनी ट्रकचा बंपर, होडी आणि पाद्रीबुवांचा चष्मा टेपनेच जोडला. होडी बुडाली, पण ती वेगळ्या कारणाने.

७ नोव्हेंबर, सकाळी ९
घराखालच्या बुटक्या पोकळीत सरपटत शिरलो.
९.०४. बाहेर आलो. कोळी. शिवाय मॅच होती.

१४ नोव्हेंबर
फत्ते! सहा रोल टेप. सांधे पुसले नाहीत, धुळीने पकड वाढते. वर गुलाबी काचलोकर गुंडाळली. अंगभर खाज. खोलीत ऊब जाणवतेय. डार्लाला नाही जाणवत, तिचं रक्त थंड.

२१ नोव्हेंबर
डक्टला रुळायला वेळ लागतो. गेलनला बोलावू का, असं डार्लाने विचारलं. म्हटलं, मी मेलो की बोलाव.

२६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
सासूबाई मागच्या खोलीत गेल्या, तोंडातून वाफ निघाली. म्हणाल्या, जावयाने मलाही टर्कीबरोबर फ्रीजमध्ये ठेवायचं ठरवलंय वाटतं. गेलन घराखाली गेला, घामाघूम होऊन आला. टेप झाडून सगळी सुटलीय, मधला सांधा निखळलाय आणि खाली ओपॉसमची मादी, मांजराएवढं रानटी जनावर, पिल्लांसकट ऐसपैस पसरलीय, म्हणाला. मी म्हटलं, म्हणजे ऊब तयार होते, हे तरी मान्य करा. डार्लाने माझी उशी मागे नेऊन ठेवली.

२९ नोव्हेंबर
गेलनचा लेप वाळला. लोकर मात्र माझीच वापरली, याची नोंद असावी. खोली भट्टीसारखी तापलीय! उशी घेऊन आमच्या बेडरूमकडे निघालो. सासूबाई म्हणाल्या, खुब्याला हाच पलंग मानवलाय. डार्ला म्हणाली, आई घोरत नाही, लग्नानंतर पहिल्यांदाच सलग झोपले.

घरातली सगळ्यात उबदार खोली माझी. डार्लाशिवाय करमत नाही.