माझा जॅझचा कान

४ जानेवारी
नवे साहेब जॅझचे वेडे निघाले. डबा खाताना विचारलं, कुणाला आवड आहे का? सगळे मान खाली घालून जेवत राहिले. मी म्हणालो, लहानपणापासून! आमच्या विमा कचेरीत विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. उद्यापासून रोज सकाळी जॅझ.

५ जानेवारी
एक जण सॅक्सोफोन वाजवत होता, बाकीचे त्याला वाजवू देत नव्हते. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, कुणाचं भांडण लागलंय? गाढवाला गुळाची चव काय!

९ जानेवारी
खाडा. सर्दी. चोंदलेल्या कानांनी ऐकणं हा कलेचा अपमान.

१७ जानेवारी
पुस्तक आणलं. लेखक म्हणतो, आधी शांतता ऐकायला शिका. हे लगेच जमलं. स्पीकर बंदच ठेवला.

२ फेब्रुवारी
जिन्यात साहेबांना म्हणालो, ताल जरा मागे रेललेला बरा. ते थबकले. प्रभावित झाले असावेत. शनिवारच्या कार्यक्रमाला जोडीने बोलावलं. हिला बजावलंय, तोंड उघडायचं नाही. मी मान हलवली की हलवायची.

शनिवार
एकेकाचं वादन संपलं की टाळ्या वाजवायच्या, हे मला पाठ होतं. ते संपलं कधी, हे वादकाने सांगायला नको? ट्रंपेटवाला माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मी डोळे मिटून रसग्रहण सुरू केलं. ही म्हणते मी घोरत होतो, आणि तेही बेताल.
मध्यंतरात साहेबांनी विचारलं, कसं वाटलं वहिनी? मी डोळे वटारले. तरी ही बोललीच. म्हणाली, तो मागे उभा राहून जाड तारा छेडणारा आहे ना, घर तोच चालवतोय. बाकीचे त्याच्या जिवावर उंडारून येतात. मला धरणी दुभंगावीशी वाटली. साहेब म्हणाले, अहो, हेच मी लोकांना किती वर्षं सांगतोय! मग दोघं बोलत राहिले. मी सगळ्यांचे कोट सांभाळले.

१ मार्च
खुर्ची टपाल विभागातल्या बाईंना. त्यांना जॅझ म्हणजे साबण वाटतो. साहेब म्हणाले, काम वेगळं, आवड वेगळी. हे आधी सांगायला काय झालं होतं?

१३ मार्च
साहेब बायकोला घेऊन गाडीने आले, हिला कार्यक्रमाला न्यायला. मला म्हणाले, तुमचा कान तयारच आहे, तुम्हाला कशाला त्रास! ही जाताना दूध तापवायला सांगून गेली. ते उतू गेलं.
परतली ती गुणगुणतच. मी म्हटलं, सूर चुकतोय. म्हणाली, मुद्दाम चुकवलाय.
मी शेगडी पुसायला घेतली.