तीन संदर्भ, तोंड एकच

मी, खाली सही करणारा, धंद्याने वार्ताहर, वय सत्तावन्न, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाला बळी न पडता स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी तपासला होता तो रक्तदाब. तेव्हा त्या दाखल्याला किती वजन द्यायचे, हे वाचणाऱ्याने ठरवावे. याआधीचा मसुदा मी फाडला आहे; त्याचे कारण कलम पाचमध्ये येईल.

एक. राहते घर, खालच्या दोन खोल्या आणि वरची माडी, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. आधी ते तिच्या मुलीच्या, माझ्या भाचीच्या नावे केले होते. ते बदलले. भाचीवर राग आहे असे कोणी समजू नये. तिने माझ्यावर धरावा अशी परिस्थिती आहे.

दोन. बँकेतली शिल्लकही ताईलाच. जपून खर्च कर, असे लिहिणार होतो. पण वार्ताहराच्या पगारात जिने घर चालवले, तिला काटकसर मी शिकवू नये.

तीन. शिडी शेजाऱ्यांना. ती त्यांच्याकडेच आहे. इतकी वर्षे 'उद्या आणून देतो' या सदरात होती, आता कायदेशीर झाली.

संपादकांना माझा राग. माझ्या बातम्यांतल्या 'असे समजते', 'असे म्हटले जाते' या शेपट्या ते जागा वाचवायला कापत. शंका कापली की बातमी कशी ठाम दिसते. पण हा राग त्यांनी सगळा ठेवून घेऊ नये. ज्या बातमीपायी मी हे लिहीत बसलो आहे, तिची शेपटी मी स्वतः कापली होती.

चार. संस्कृतची पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला. न्यायशास्त्राच्या, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, तर्काच्या, पुस्तकांच्या समासांत मी विद्यार्थिदशेत पेन्सिलीने बरेच शहाणपण लिहिले आहे. ते खोडून मगच द्यावीत. प्रत्यक्ष पाहिलेले कोणते, अनुमानाने काढलेले कोणते, आणि दुसऱ्याच्या शब्दावर कधी विसंबावे, हे सारे मला तोंडपाठ होते. तोंडातून खाली काही उतरले नाही.

पाच. कागदाच्या गोदामाला आग लागली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. एक हमाल आत अडकून मेला. मागचे दार बंद का होते, ते कोणालाच माहीत नव्हते. मी चौकातल्या न्हाव्याकडे दाढीला बसलो असता मागून कोणीतरी म्हणाले, "रखवालदारानंच बाहेरून कुलूप घातलं असणार." त्यातले 'असणार' गाळून मी ते छापायला दिले. रखवालदाराची नोकरी गेली. लोकांनी त्याचे नाव 'कुलूप' ठेवले, आणि त्याच्या मुली शाळेत कुलपाच्या मुली झाल्या. अजून रस्त्यात भेटला की तो विचारतो, "काय पत्रकार, काय नवीन?" मी म्हणतो, "काही नाही."

हे जुने झाले. खरे टोचते ते गेल्या महिन्यातले.

भाची त्याच आगीवर विद्यापीठासाठी प्रबंध लिहिते आहे. एका सकाळी ती कागद नाचवत स्वयंपाकघरात आली.

"मामा, दार रखवालदारानं बंद केलं, याला तीन स्वतंत्र संदर्भ मिळाले! तुझी बातमी, आमच्या सरांचा लेख, आणि न्हावीकाकांची मी घेतलेली मुलाखत. तिन्ही जुळतात."

"वा."

"वा काय? नक्की ना?"

माझ्या हातात चहाचा कप होता. ती हसत होती. मी म्हणालो, "नक्की."

तिने तळटीप लिहिली: 'सदर संदर्भ परस्परांस पुष्टी देतात.' हे प्राध्यापकी मराठी आहे. याचा अर्थ, आता पुढे कोणी विचारू नये.

दुसऱ्या दिवशी मी न्हाव्याला विचारले, "तुम्ही भाचीला कुलपाचं सांगितलंत, ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याने वस्तरा थांबवला. "कोणी म्हणजे? तुमच्याच पेपरात वाचलं की हो! पेपरवाले काय खोटं छापतील होय?"

जिथे ऐकले, तिथेच ते माझ्या नावावर परत येऊन बसले होते. घरी येऊन सरांचा लेख उघडला. त्यांच्या तळटीपेत माझी बातमी. संदर्भ तीन होते, तोंड एकच, आणि ते मी भाचीसमोर पुन्हा उघडले होते.

मग मी सारी हकीकत लिहून पाकीट बंद केले आणि 'माझ्या पश्चात भाचीला द्यावे' असे मसुद्यात घातले. वकील माझा शाळासोबती. त्याने वाचून चष्मा काढला.

"प्रबंध कधी देतेय ती?"

"सोमवारी."

"प्रबंध सोमवारी जातोय. तू कधी जातोयस?"

मी पाकीट उचलून खिशात घातले.

"मेल्यावर खरं बोललं की कोणी उलट विचारत नाही. हीच सोय बघितलीस ना?"

हीच बघितली होती.

सहा. साक्षीदाराला मृत्युपत्राखाली काही मिळत नाही, असे वकील सांगतो. म्हणून भाचीचे नाव वारसांतून काढून साक्षीदारांत घातले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. या साक्षीदाराने वाचावा. तोंडाने सांगण्याइतकी माझी छाती नाही. कागद तिच्या हाती देऊन समोर बसण्याइतकी आहे.

सात. रखवालदाराला मी काहीही ठेवत नाही. माझे घेतले तर मला माफ केल्यासारखे होईल, आणि तशी सक्ती मेलेल्या माणसाने करू नये. दुरुस्ती रविवारच्या अंकात माझ्या नावाने जाईल. संपादकांनी जागा दिली नाही, तर हाताने लिहून चौकात चिकटवीन.

सहीआधी जोडलेला मजकूर: भाचीने हे आत्ता वाचले. पहिले पान उलटून पुन्हा वाचले.

"'नक्की' कशाला म्हणालास, मामा?"

"तू हसत होतीस."

"म्हणजे चूक माझी?"

"नाही."

ताईने विचारले, "चहा टाकू का?" आमच्या तोंडांकडे पाहून तिने टाकला नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: प्रबंध द्यायच्या सोमवारआधीचा शुक्रवार, दुपार.

सही: वार्ताहर

साक्षीदार एक: वकील, शाळासोबती. सही माझ्या देखत झाली.

साक्षीदार दोन: भाची. मामाने माझ्यासमोर सही केली, एवढ्याचीच साक्ष देते. वर लिहिलेले खरे आहे, याची नाही. तेही एकाच माणसाचे म्हणणे आहे. रखवालदारांना आजवर कोणीच विचारलेले नाही, मीसुद्धा नाही. संध्याकाळी जाते आहे. मामाने बरोबर यायचे आहे. बोलायचे मात्र नाही.