चांदीच्या पेटीतला साधू

सिडको, औरंगाबाद

प्रिय नाना,

आम्ही परवा गोव्याहून सुखरूप परत आलो. ह्यांची रजा होती, पोरांना सुट्टी होती, म्हणून या वेळी मायलाही ओढून नेलं. समुद्र बघून ती एवढंच म्हणाली, "लई पानी हाय, पर काय कामाचं?" मासळीच्या वासानं तिनं हॉटेलातलं काही तोंडात घातलं नाही, फुलंब्रीहून बांधून आणलेल्या दशम्या आणि ठेच्यावर राहिली. तू असतास तर तिला चिडवून चिडवून खायला लावलं असतंस. म्हणजे, पूर्वीचा तू.

शेवटच्या संध्याकाळी जुन्या गोव्याचं ते मोठं चर्च बघायला गेलो. बसमधून उतरल्यावर पोरं पुढं पळाली, हे त्यांच्या मागं, आणि मी मायला धरून हळूहळू चालत होते. बोलता बोलता सांगितलं की आत एका साधूचा देह चारशे वर्षं जपून ठेवलाय. ती थांबलीच. "जाळलं नाय?" मी नाही म्हटलं. मग ती माझा हात सोडून अशी भराभर निघाली की मलाच धाप लागली. आत पेटी चांदीची, पण फार उंचावर. माय टाचा उचलून बघत राहिली, तिला काही दिसेना. जवळच एक म्हातारी गुडघे टेकून बसली होती. तिनं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवतात, तेव्हा सगळ्यांना दर्शन होतं. माय मटकन बाकावर बसली. म्हणाली, "चारशे वर्साचं मानूस ठिवलंय ह्यांनी. माझं लेकरू एक रात ठिवता आलं नाय व्हय, आशे?" मला तिथंच रडू फुटलं. ती मात्र रडली नाही.

आपल्या बद्रीचा ट्रक इंदूरजवळच्या घाटात जळाला, तेव्हा तू एकटाच गेलास. माती तिथंच उरकलीस आणि मडक्यात अस्थी घेऊन आलास. आपल्याकडं लांबची लेक यायची असली तरी माती खोळंबून ठेवतात, तोंड पाहू देतात. ही तर जन्म देणारी होती. तू म्हणालास, दाखवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही ते मानलं, मायनं मानलं नाही. पैठणला अस्थी सोडायला ती आली नाही, आणि सुगंधाला तिनं कुंकू पुसू दिलं नाही. पोर अजून बद्रीच्या नावाचं मंगळसूत्र घालून आपल्या घरात राबते आहे.

मायची आई आठवते ना तुला? रझाकाराच्या वेळी आजोबा शहागंजला बाजाराला म्हणून गेले, ते आलेच नाहीत. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तरी आजी मरेपर्यंत ठसठशीत कुंकू लावून रोज त्यांचं ताट वाढायची. माय त्या ताटाशेजारी बसून जेवत मोठी झाली.

आता सुगंधाच्या भावानं दौलताबादला तिच्यासाठी स्थळ पाहिलंय. बायको वारलेला मास्तर आहे, माणूस बरा आहे. सुगंधा म्हणते, आत्याबाई हो म्हणतील तरच. काल मायनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "माझ्या मायवानी तिचं हू द्यायचं नाय मला. पर लेक जिता आसंल तर त्याच्या बायकूला कशी धाडू? नानाला इच्यार, त्यानं बद्रीचं तोंड पाह्यलं का? त्यानं पाह्यलं आसंल तर म्याच पाह्यलं."

म्हणून हे पत्र. अस्थी घेऊन आलास त्या दिवसापासून तू मायच्या नजरेला नजर दिली नाहीस. दिवाळीला येतोस तोही उंबऱ्यावरनंच परत फिरतोस. का, ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पाहिलं असशील तर ये आणि तिला सांग. पाहिलं नसशील, त्याच्या तोंडावरचं कापड उघडायचा धीर झाला नसेल, तर ते मला कधीच कळू देऊ नकोस. तरीही ये, नाना. मायचा हात हातात घे आणि पाहिलं म्हण.

तुझीच बहीण,
आशा