लिहेरोचं पान

प्रिय एवेरार्दो,

तुझा अर्ज पोचला. 'आदरणीय संपादक महाशय' असं लिहिलंयस. महाशय कुठले, मी नीदिया. सांता क्लाराच्या चिरूट कारखान्यात उंच ओट्यावर बसून, खाली चिरूट वळणाऱ्यांना दिवसभर मोठ्यानं वाचून दाखवणारी. तीन वर्षं तू जिच्याशी लग्नाच्या गोष्टी करत होतास, तीच. तत्त्वज्ञान शिकायला इंटरनेटवर चांगलं काय आणि कुठे मिळतं, याची जी यादी पेन-ड्राइव्हवरून बेटभर फिरते, ती माझी आहे. तुझे धडे तिच्यात घ्यावेत अशी विनंती वाचून मी इतकी हसले की कॉफी नाकात गेली.

आई अंथरुणाला खिळली आणि मी शिक्षण सोडून घरी निघाले, तेव्हा बसथांब्यावर तू म्हणालास, "कारखान्यात तत्त्वज्ञानाचं काय काम? वह्या मला दे, इथे उपयोगी पडतील." मी चारही वह्या दिल्या. प्रेमात माणूस काय वाटेल ते देतो. त्यानंतर तुझी दोन पत्रं आली आणि मग एकही नाही.

कारखान्यात मी सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी वाचायचे. एकदा मंडळीच म्हणाली, जरा डोक्याला खुराक आण. मग मी वायफाय मिळतं त्या बागेतल्या बाकावर तासाभराचं इंटरनेट कार्ड खरवडून बसायला लागले. चित्रं बंद ठेवून नुसता मजकूर उतरवून घ्यायचे. कचरा फार असतो रे. सूर्यास्ताच्या चित्रावर चिकटवलेले सुविचारच जास्त. हळूहळू निवडायला शिकले. लिहिणारा कोण, त्यानं कुठून घेतलं, मूळ उतारा शेजारी दिलाय का, एवढं बघायचं. कुठून घेतलं हे जो सांगत नाही, तो बाद. शिवाय माझे परीक्षक कडक आहेत. वाचलेलं आवडलं तर पान कापायची पाती मेजावर वाजवतात, नाही आवडलं तर जमिनीवर टाकून देतात.

तर तुझा सातवा धडा. आत्म्याचे तीन भाग, म्हणजे बुद्धी, धैर्य आणि वासना, आणि चिरुटाच्या पोटातली तीन पानं. हे उदाहरण माझं, एवेरार्दो. लहानपणी कारखान्यात आईच्या मेजाखाली खेळताना बघितलेल्या पानांवरून सुचलेलं, दुसऱ्या वहीत हिरव्या शाईनं लिहिलेलं. तू वाक्यंसुद्धा बदलली नाहीस. फक्त एके ठिकाणी सुधारणा केलीस. त्या तिन्हींतलं एक लिहेरो; लिहेरो म्हणजे हलकं, म्हणून ते सगळ्यात हलकं पान, वासनेसारखं भुर्रकन पेटणारं, असं तू लिहिलंस. मी ते धैर्य म्हणून लिहिलं होतं. नाव हलकं असलं तरी ते पान झाडाच्या शेंड्याचं, उन्हात शिजलेलं, सगळ्यात कडक. म्हणून तर ते मधोमध घालतात आणि ते सावकाश जळतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तू मात्र तीन वर्षांत आमच्या घरी एकदाही आला नाहीस.

सोमवारी मी तो धडा तुझ्या नावासकट वाचला, पदरचं काही न घालता. लिहेरोपाशी आले आणि दालनातले हात थांबले. मग एक पातं खाली पडलं, आणि पाठोपाठ चाळीसच्या चाळीस. आईच्या शेजारी तीस वर्षं बसलेली, माझं मूळ उदाहरण कधीच ऐकलेली रेमीहियामावशी म्हणाली, "ह्या मास्तरानं जन्मात पान हातात धरलंय का? नक्कल करायलाही अक्कल लागते." मला फार आनंद झाला, कशाला खोटं बोलू? वह्या तुला दिल्यापासून अकरा वर्षं मी या आवाजाची वाट बघत होते. घरी जाऊन रडलेसुद्धा, पण तुझ्यासाठी नाही. आई आधीच गेली, तिला हा धडा ऐकवायचा राहून गेला, म्हणून.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. माझ्या यादीत प्रत्येक नावाखाली एक टीप असते, लिहिणाऱ्यानं कुठून घेतलं ते सांगणारी. तुझा अर्ज मंजूर आहे. एकोणिसाव्या क्रमांकावर तुझे धडे, आणि खाली टीप म्हणून हे पत्र, पूर्णच्या पूर्ण. तुझे विद्यार्थी यादी वापरतात, असं तूच कळवलंयस. आज सकाळी मी हे पत्र इथपर्यंत दालनात वाचून दाखवलं. मावशीनं एक शिवी तेवढी काढायला लावली, आणि मग पाती मेजांवर कितीतरी वेळ वाजत राहिली.

तुझी नव्हे, त्या चार वह्यांची,
नीदिया