मिठाचा अंदाज

लखनौ छावणी,
१८ जून १९९९

ती. आईंना सुनेचा वाकून नमस्कार,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. यांची रजा रद्द झाली, एवढंच. सीमेवर सध्या काम फार असणार. तुम्ही काळजी करू नका. गुडघ्याला तेल लावता ना?

काल यांचा वाढदिवस. उत्कर्षा हटूनच बसली, म्हणून यांच्या आवडीची कोंबडी केली. दशहरी आंब्याचा रस, आलं, मिरी आणि गूळ चोळून अख्खीच ओव्हनमध्ये भाजली.

मी शाकाहारी, तुम्हाला ठाऊकच आहे. खाली सुटलेला रस चाखून मीठ किती ते दर वेळी हेच सांगतात. काल चमचा उत्कर्षापुढे धरला. "नमक तो पापा देखते हैं," म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

शेवटी मीच चाखला, आई. आयुष्यात पहिल्यांदा. कमी होतं की जास्त, काहीच कळलं नाही. कोंबडी शेजारच्या बाईंना देऊन टाकली. छान झाली म्हणाल्या, पण त्या सगळ्यालाच छान म्हणतात.

तुमच्याकडे यांचं पत्र आलं का? मजकूर नको, फक्त वरची तारीख कळवा. माझ्याकडचं शेवटचं बावीस मेचं आहे.

तुमची,
कौमुदी