कनिष्ठेचं नाक

बाबा, या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे आले होते, दुर्गहून आत्याही. तुम्ही असताना आणि गेल्यावरही घरात जे कोणी उच्चारलं नव्हतं, ते मी भर पंगतीत बोलले. तुम्हाला ते कळावं एवढ्यासाठीच लिहिते आहे.

तुम्ही रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होतात. कुठे डबे घसरले, तार तुटली, की घरी येऊन सांगायचात, "लाइन बहाल झाली," म्हणजे होती तशी पुन्हा सुरू. घरातही तोच शब्द. ताट भिरकावायचं, आईला नाही नाही ते बोलायचं, मग आंघोळ करून, भांग पाडून हसत विचारायचं, "काय, लाइन बहाल झाली ना?" आम्ही हसायचो. आता लिहिताना मोजके शब्द जुळवत बसते तेव्हा वाटतं, सांधणं, लिंपणं, डागडुजी, पूर्ववत, किती शब्द आहेत आपल्याकडे. तुम्ही ते उच्चारलेत आणि काम आईनं केलं.

चौबे कॉलोनीतल्या आपल्या घरातलं ते स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. मी दहावीत आहे. पुरण वाटायचं राहिलंय, नैवेद्याला उशीर झालाय आणि तुम्ही सोवळ्यातच चौरंगाला लाथ मारता. कनिष्ठेचा, धाकट्या महालक्ष्मीचा, मातीचा मुखवटा फरशीवर पडतो, नाकाचा टवका उडतो. तुम्हीही क्षणभर घाबरता. मग म्हणता, "पाहुणे यायच्या आत मले सगळं होतं तसं पाहिजे." आई मैद्याची खळ शिजवते, कापूस बुडवून नाक घडवते, वर हळद लावते आणि मोठी नथ घालते. कोणाच्या लक्षात येत नाही. विसर्जनाच्या दिवशी मुखवटा उतरवताना ते नाक आत्याच्या हातात येतं. ती विचारते आणि तुम्ही पेपरातून मान वर न करता सांगता, "हिच्या हातून पडला."

खंडित लक्ष्मी घरात अशुभ म्हणे! आजी गेली तरी, तुमची बढती अडली तरी, बोट आईकडेच. आत्या म्हणाली, नवा मुखवटा आण, हा बुडव. आई एवढंच बोलली, "नाक तुटलं म्हणून घरची लक्ष्मी घराबाहेर काढू का?" दरवर्षी ती नवं नाक घडवत राहिली. दरवर्षी तुम्ही त्याच्यापुढे हात जोडलेत.

यंदा आईचे हात थरथरतात म्हणून मी बसवल्या महालक्ष्म्या. नाक केलं नाही, नथही घातली नाही. आत्या बसल्या बसल्या म्हणाली, "अगं, हे काय करून ठेवलं? आमच्याकडे चांगला मूर्तिकार आहे, दे मले. वहिनीच्या हातून पडला होता हे कोणाले कळणारही नाही."

"आईच्या हातून नाही पडला, आत्या. बाबांनी लाथ मारली होती. मी तिथंच होती."

आत्याचा घास हातातच. "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलून राहिली तू?"

"जिवंत माणसाबद्दल तुम्ही इतकी वर्षं बोलल्याच की."

माझ्या बहिणीचा मुलगा खाली मान घालून आईपाशी पुटपुटला, "नानी, सच में?" आईनं त्याच्याकडे पाहिलं, होकाराची मान हलवत हव म्हणाली, आणि मला म्हणाली, "आत्याले आंबील वाढ, पोट्टी. ठसका लागन तिले."

मी वाढली. बाबा, तुमच्या बहिणीचा चेहरा उतरला तेव्हा मला फार बरं वाटलं. तो चेहरा तुमचा असता तर आणखी बरं वाटलं असतं. तुमचं नाव पूर्वीसारखं व्हावं यासाठी मी बोटही उचलणार नाही. आईचं झालं, तेवढं पुरे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, फाडायचंही नाही. फक्त एक सांगते, कारण तुम्ही वाचणार नाही. तुम्ही यंदा त्या पंगतीत बसलेले असता, तर मी काही बोलले नसते. नथ शोधत राहिले असते.